तोंड आत असलेले दगड

गुरुलिंगप्पांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करून बघत. पाण्याचा तांब्या, भिंतीवरचं घड्याळ, दुसऱ्याची टोपी, काहीही असो. "पुढनं काय बघायचं? पुढची बाजू लोकांनी बघावी म्हनूनच केल्याली असती की," असं म्हणत ते वस्तूची पाठ पाहत, तळ पाहत आणि मग मधल्या बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करून कान देत. उभ्या जन्माच्या टकटकीनं त्या पेराला घट्टा पडला होता. सोलापुरात आमच्या बांधकाम खात्यात ते ओव्हरसियर होते आणि मी नकाशे काढायचो. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगात खाकी कोट, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि तोंड असं की कंत्राटदार समोरून येताना दिसले की रस्ता बदलत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाठीमागं काय म्हणायचो ते लिहीत नाही.

एकदा एका कंत्राटदारानं त्यांच्या घरी आंब्यांची करंडी पाठवली. अण्णांनी ती ओसरीवर सरळ पालथी घातली. वरचे आंबे केशरी होते आणि तळाचे काळे पडलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या कामावर जाऊन त्यांनी भिंत वाजवली. जिथं दगड नीट बसलेला असतो तिथं आवाज भरीव येतो, आणि आत चुना खाल्लेला असला, पोकळी राहिली असली, की बद्द येतो. तिथं बद्द आला. "करंडीसारखीच हाय तुजी भिंत," असं म्हणून त्यांनी ती पाडायला लावली.

माझ्या लग्नाच्या बोलण्याला मी त्यांना घेऊन गेलो ही माझी चूक. मुलीच्या वडिलांनी हात धुवायला तांब्या दिला, तो अण्णांनी सगळ्यांदेखत उलटा केला. "खाली डाग दिलाय," ते मोठ्यानं म्हणाले. सासऱ्यांचा चेहरा उतरला. परतताना मी चिडून बोलत नव्हतो, तर वाटेत अण्णाच म्हणाले, "कर लगीन. फुटल्यालं फेकून देत न्हाईत, डाग देऊन वापरत्यात. लई चांगलं घर हाय." लग्न झालं, संसारही बरा झाला. बायकोनं मात्र त्या तांब्यावरून अण्णांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

या माणसाच्या कडकपणात एकच जागा मऊ होती, आणि ती होती काळी मशीद.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला, तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ही लहानशी मशीद होती. काळ्या दगडाची, म्हणून काळी. त्या जागी फार पूर्वी महादेवाचं देऊळ होतं. सुलतानाच्या अमलात नवा किल्लेदार आला, त्यानं देऊळ उतरवलं आणि त्याच दगडांची मशीद उभी केली. दगड दुसरीकडून आणता आले नसते असं नाही. पण गाव कुणाचं आहे हे रोज येता-जाता गावाला दिसावं, हाच त्यातला हेतू. पुढं इंग्रज आले. त्यांनी नमाज बंद करून आत तोफांची दारू भरली आणि नकाशावर नाव टाकलं, दारूकोठी. मग दारूही हलवली आणि इमारत तशीच पडून राहिली. नकाशावरचं नाव मात्र कुणी पुसलं नाही. तो नकाशा माझ्याच कपाटात होता आणि मी दर वर्षी त्याची नक्कल काढताना निमूटपणे दारूकोठीच लिहायचो.

रिकाम्या मशिदीत चाँदसाब नावाचे एक वृद्ध मुजावर रोज दिवा लावत. त्यांच्या वडिलांनी तो पुन्हा सुरू केला होता. नमाजाला कुणी येत नसे, पण दिवा चुकत नसे. आतल्या मेहराबीत एक दगड होता, त्यावर साखळीनं टांगलेला दिवा कोरलेला होता, उठावाचा, बोट फिरवलं तर साखळीची कडी न् कडी लागावी असा. चाँदसाब खरा दिवा त्या दगडी दिव्याच्या बरोबर खाली ठेवत.

संक्रांतीच्या जत्रेत सोलापुरात पहिल्या दिवशी गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेल लावतात. अण्णांच्या घराचं एकोणसत्तरावं ठिकाण होतं, काळ्या मशिदीची मागची भिंत. अण्णांचं घराणं मूळचं गवंड्यांचं. देऊळ उतरवून मशीद बांधली तेव्हा कामावर त्यांचाच कुणी पूर्वज होता, अशी घरात बोलवा होती. हुकूम होता देव फोडायचा. पण त्यानं फोडला नाही, देवांचे दगड उलटे फिरवले, तोंड भिंतीच्या आत आणि सपाट पाठ बाहेर, असं बसवून टाकले. किल्लेदाराला मशीद मिळाली आणि देव शाबूत राहिले. ही गोष्ट अण्णांच्या घरात कानडीतल्या तीनच शब्दांत सांगत. "मुख ओळग ऐती." तोंड आत आहे. अण्णांची आई मरताना म्हणे हेच बोलली होती.

एका संक्रांतीला मी त्यांच्याबरोबर गेलो. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा तुकतुकीत पट्टा होता. अण्णांनी तेल ओतलं, मग पेरानं भिंत वाजवली. बद्द आवाज आला. अण्णांचा चेहरा असा फुलला की मी तो कधी पाहिला नव्हता.

"ऐकलंस? पोकळ हाय. तोंड आत असल्याबिगर पोकळी राहील व्हय?"

मी मान हलवली. हाच आवाज दुसऱ्या भिंतीत आला की अण्णा त्याला कंत्राटदाराची चोरी म्हणत. इथं त्याला देव म्हणत होते. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

ती चाँदसाबची होती. ते दारात बसून हे सगळं दर वर्षी बघत. "साब, तुमारा देव तो तुमारे गले में लटक्या है," ते अण्णांच्या डबीकडे बोट करून म्हणाले, "फिर हमारी दीवार कू क्या ठोक ठोक के पूछते?"

"तुमी गप बसा की चाचा. तुमचा देव तर कुटंच न्हाय म्हनता, मग तुमी दिवा कुनाला लावता?"

चाचा हसले आणि त्यांनीही आपल्या बोटानं भिंत वाजवून पाहिली. अण्णांनीच त्यांना शिकवलं होतं ते. मग दोघं उन्हात बसून तीळगूळ खात, आणि राजे लोक, सुलतान, साहेब या सगळ्यांना एकाच मापात शिव्या देत. अण्णा म्हणायचे, "ह्यांना आपला देव आनायचा असला तर आनू दे की, जागा काय कमी हाय? पर न्हाय. दुसऱ्याच्या देवाच्या उरावरच बसवायला पायजे." चाचा "सच्ची बात" म्हणत, आणि आपण कुठं बसलो आहोत हे दोघांनाही माहीत असे.

तीस सालच्या उन्हाळ्यात गावात गोळी चालली आणि लष्करी अंमल आला. रस्त्यांवर बंदुका आल्या, घरोघर झडत्या झाल्या, बोलायची चोरी झाली. अंमल उठला तरी धाक उठला नाही. त्यातच आमच्याकडे नवा साहेब आला. कॅम्पापासून किल्ल्यापर्यंत लष्कराच्या मोटारींसाठी रस्ता रुंद करायचा आणि कॅम्पात सैनिकांसाठी चर्च बांधायचं, अशी दोन कामं त्याच्याकडे होती. रस्त्याच्या आड काळी मशीद येत होती. चर्चला घडवलेला दगड हवा होता. साहेबानं माझा नकाशा टेबलावर पसरला, दारूकोठीवर पेन्सिल टेकवली आणि दोन्ही कामं एका रेघेत उरकली.

अण्णांनी लिहून दिलं की इमारत भक्कम आहे, वाट थोडी वळवता येईल. साहेबानं ते वाचलं नाही. पुन्हा लिहून दिलं, तेव्हा साहेबानं त्यांना बोलावून सांगितलं, "दगडातलं तुम्हांला सगळ्यांत जास्त कळतं, तर उतरवण्याचं काम तुम्हीच करा." अण्णा बाहेर आले ते थेट माझ्या टेबलाशी. त्यांनी नकाशा उलटा केला आणि कोऱ्या पाठीकडे बघत उभे राहिले.

मला वाटलं नोकरी सोडतील. पण दुसरंच घडलं. ही बातमी त्यांच्या समाजात पोचली आणि पंच मंडळी त्यांच्या ओसरीवर आली. देव बाहेर येणार! साहेबानं तोंडी कबूल केलं होतं की मूर्ती निघाल्या तर मठाला देऊ. पंचांनी अण्णांना हार घातला. ज्या माणसाला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, त्याच्या गळ्यात हार पडला. मी पाहत होतो, अण्णांनी तो हार उलटा करून बघितला नाही.

त्या संध्याकाळी ते चाचांकडे गेले. मी बरोबर होतो. चाचा मेहराबीपाशी बसले होते.

"चाचा, मी न्हाय म्हनलो असतो तर दुसऱ्यानं पाडली असती."

"हां साब."

"आमचे दगड आमाला भेटतील. तुमचा ह्यो दिव्याचा दगड मी सांभाळतो."

"हमना दे दो ना, साब. घर में रख लेता मैं."

 साहेबाचा हुकूम होता की मूर्ती सोडल्या तर एकही दगड गावात जाता कामा नये, मशिदीचा दगड मिरवत नेला तर दंगल होईल. आणि अर्ज करायची सोय नव्हती. कागदावर ती मशीदच नव्हती, मग मशिदीचा दगड आला कुठून?

"न्यायला देत न्हाईत," अण्णा म्हणाले. "पर मी तो चर्चच्या भिंतीत बसवतो. तोंड आत करून. आमच्या आज्या-पणज्यानं केलं तसंच. एक कपचा उडू देनार न्हाय. शब्द दिला."

चाचांनी आपल्या धुरकट डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "मुख ओळग," ते कानडीतच म्हणाले. इतक्या संक्रांतींत त्यांनाही ते पाठ झालं होतं.

पाडायला सुरुवात झाली त्या सकाळी पंच मंडळी नारळ, फुलं, कोरी वस्त्रं घेऊन उभी होती. मागच्या भिंतीतला, तेलाच्या पट्ट्यातला पहिला दगड वडारांनी पहारीनं सुटा केला आणि अण्णा स्वतः पुढं झाले. चौघांनी मिळून दगड पालथा केला.

त्याला तोंड नव्हतं. आतली बाजू टाकीनं तासून सपाट केलेली होती. टाकीचे घाव एकाशेजारी एक, सरळ ओळीत, काल मारल्यासारखे दिसत होते. रागानं फोडलेलं ते काम नव्हतं. कसबी हातानं सावकाश केलेलं होतं. अण्णांनी दुसरा दगड काढायला लावला. तो तसाच. तिसराही तसाच. दुपारपर्यंत ती अख्खी भिंत उलटी होऊन जमिनीवर पडली. आवाज बद्द यायचा तो मुंग्यांनी आणि मुळ्यांनी आतला चुना पोखरला होता म्हणून. एका दगडाच्या खोलगट कोपऱ्यात तेवढं एक पाऊल राहिलं होतं, पैंजणासकट. ते आड येत नव्हतं, म्हणून वाचलं होतं.

अण्णा त्या पावलाशी उकिडवे बसले. "उठाव असला तर दगड बसत न्हाय," ते हळू म्हणाले. "मागच्या दगडाला पुढचा टेकला पायजे. तासल्याबिगर बसतच न्हाय. हे काय मला ठाऊक न्हवतं?"

खरंच, त्यांना नाही तर कुणाला ठाऊक असणार? रोज दहा गवंड्यांना ते हेच सांगत. पण घरातली गोष्ट आणि कामावरचं ज्ञान, दोन्ही त्यांच्याच डोक्यात राहूनही त्यांची कधी गाठ पडली नव्हती. मला त्यांची फार दया आली, आणि दया आलेली त्यांना कळू नये म्हणून मी मोजमापाची फीत उगाच गुंडाळत बसलो.

पंचांतला एक जण चाचांकडे वळून ओरडला, "ह्यांच्या लोकांनी केलं हे!" आणखी दोघं-तिघं सरकले. अण्णा ताडकन उठून मधे उभे राहिले.

"त्यांच्या लोकांनी हुकूम दिला. टाकी आमच्या घरची हाय. आमच्याच मानसानं मारल्याली हाय ही, घाव वळखतो मी."

मंडळींना हे आवडलं नाही. आपल्या पूर्वजाला असं बोलणारा माणूस त्यांना नको होता. फुलं आणि नारळ घेऊन ती परत गेली, आणि त्या दिवसापासून अण्णांना कुणी कार्याला बोलावलं नाही. जत्रेत नंदीध्वजाच्या काठीला हात लावायचा त्यांच्या घराचा मान होता, तोही गेला.

आता अण्णांपाशी एकच गोष्ट उरली होती, चाचांना दिलेला शब्द. चर्चची मागची भिंत कमरेवर आली तेव्हा त्यांनी दिव्याचा दगड आणवला, तोंड आत केलं आणि उठावाभोवती जाड चुना भरून बसवला. हे कामाच्या रीतीला सोडून होतं. गवंडी एकमेकांकडे बघत राहिले.

साहेब तपासणीला आला. भिंतीच्या कडेनं चालता चालता त्यानं हातातली छडी एकेका दगडावर वाजवली. ही सवय त्याला अण्णांकडूनच लागली होती. त्या दगडावर बद्द आवाज आला. साहेब थांबला, पुन्हा वाजवलं, आणि अण्णांकडे बघून हसला. "तुमचाच नियम ना, ओव्हरसियर?"

हुकूम झाला, दगड बाहेर काढून तासून बसवायचा, आणि तेही आत्ता, त्याच्यासमोर. अण्णांनी गवंड्याकडे पाहिलं. तो वडार गवंडी टाकी खाली ठेवून म्हणाला, "अण्णा, मी न्हाय मारनार. त्याच्यावर दिवा हाय." दुसराही नाही म्हणाला. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "हे लोक तासत नसतील तर दगड फोडून भिंतीच्या भरावात टाका."

तेव्हा अण्णांनी कोट काढला, तो घडी करून माझ्या हातात दिला आणि टाकी उचलली.

आधी साखळी गेली, मग दिवा. त्यांचा हात कसबी होता. घाव एकाशेजारी एक, सरळ ओळीत पडत गेले. मी ती ओळ ओळखली. अण्णांनीही ओळखली असणार, कारण मधेच ते थांबले आणि बराच वेळ त्या घावांकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेलं काम पुरं केलं. दगड बसवला. साहेबानं छडी वाजवली. आवाज भरीव आला.

परतताना कॅम्पाच्या माळावर ते एकदम बोलले. "मला आज कळलं, आमच्या घरात ती मुख ओळगची गोष्ट कुटनं आली. काम झाल्यावर कुनीतरी त्याला इचारलं असंल. घरातलंच कुनीतरी, म्हातारं. देवाचं काय केलंस म्हनून. आन त्यो काय सांगनार?"

त्यांचा घडी केलेला कोट अजून माझ्याच हातात होता, तो मी त्यांना दिला.

कोपऱ्यावर चाचा वाट पाहत बसले होते. एवढ्या महिन्यांत त्यांची नजर जवळजवळ गेली होती. चाहूल लागताच ते उठले. "बैठ्या क्या, साब?"

"बसला," अण्णा म्हणाले. "मुख ओळग ऐती."

चाचांनी दोन्ही हात वर करून दुवा दिली. अण्णा ती घेऊन घरी गेले. त्यानंतर त्यांनी कुठलीही वस्तू उलटी करून पाहिलेली मला आठवत नाही. भिंती वाजवायचंही सोडलं. कंत्राटदार त्यांच्या समोरून बिनघोर जाऊ लागले. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या संक्रांतीला. चर्चचा अखेरचा नकाशा काढायला मी कॅम्पात गेलो होतो. गावात जत्रेचे ढोल वाजत होते. मागच्या भिंतीपाशी अण्णा तेलाचा तांब्या घेऊन उभे होते, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चाचा. मशिदीचे दगड आता इथं होते, म्हणून एकोणसत्तरावं ठिकाणही इथं आलं होतं. पहारेकऱ्यानं अण्णांना ओळखून आत सोडलं असावं.

अण्णांनी भिंतीच्या पायाशी तेल ओतलं. मग चाचांचा हात धरून दगडावर टेकवला. चाचांनी तळवा फिरवला. आणि मग, अण्णांच्या ध्यानात यायच्या आत, त्यांनी बोट वाकवून पेरानं टकटक केलं, अगदी अण्णांनी शिकवलं होतं तसं.

आवाज भरीव आला.

चाचांनी कान भिंतीजवळ नेला आणि थोडं खाली पुन्हा वाजवलं. पुन्हा तसाच. अण्णांच्या हातातला तांब्या कलून तेल कोटावर सांडत होतं. चाचांनी कान भिंतीवरून काढला. मग त्यांनी चाचपडत अण्णांचा दंड शोधला आणि त्यावर थोपटलं.

"ऐती, साब," ते म्हणाले. "मुख ओळग ऐती."

अण्णा वळले आणि त्यांनी भिंतीला कपाळ टेकलं. मी नकाशाची सुरळी काखेत धरून तिथंच थांबलो. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.